धंद्याचं टेन्शन हसतखेळत घेतलं तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय, धंद्याचं टेन्शन हसतखेळत घेतल्यानं खरंच हलकं होतं का, आणि मालकानं कामगारांबरोबर थट्टामस्करी करावी का. होतं. आणि करावी. "मालक हसला की माणसं डोक्यावर बसतात" हे मी थोरल्या भावाकडून वीस वर्षं ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा छापखाना आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत शिरलं ते गणपतीच्या तोंडावर. २ सप्टेंबरला चतुर्थी, म्हणजे मंडळांच्या पावती पुस्तकांचा ऐन सीझन. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर कागदाच्या रिमा फुगून रॅकचे अँगल वाकलेले, शाईचे डबे तरंगत येऊन दाराशी अडकलेले, ऑफसेटच्या रोलरवर बोटभर गाळ. मी पायरीवरच बसलो. कुणी कुणाशी बोलेना. तासभर खराट्याला कुणी हात लावला नाही.

मग मशीनवरचे मामा आत गेले आणि लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा घेऊन बाहेर आले. पार्टीनं नेलेल्याच नव्हत्या, बाकीही दिली नव्हती. वरच्या पत्रिकेचा चिखल अंगठ्यानं पुसत त्यांनी खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "मालक, 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलं हुतं की आपण. तरी नदीनं आणलाच बघा."

पोटात कळ येईपर्यंत हसलो. मधेच रडूही आलं. पोरं हसली आणि हसता हसताच खराटे उचलले. संध्याकाळपर्यंत मोटर उतरवून उद्यमनगरात रिवाइंडिंगला गेलीसुद्धा.

दादा नेमका त्या हशात पोचला. "एवढं वाटोळं झालंय आणि दात काय काढताय?" मामांच्या देखत बोलला. ते मला अजून लागतं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोक्याची. ३९ व्हायच्या आत आमचा सगळा कागद माळ्यावर होता. मी फोन केला नव्हता. मामा आणि दोन पोरं रात्री अकराला भर पावसात आपणहून आली होती. हसणाऱ्या मालकाच्या डोक्यावर बसलेली माणसं ती हीच.

मात्र कामगाराच्या पगारावरून, घरावरून थट्टा कधीच नको. पगार थकवून विनोद करणाऱ्या मालकाचा मला राग येतो. उधारी मागायला आलेल्या कागदवाल्याशीही सरळ बोलावं, किती आणि कुठल्या तारखेला देणार ते. आणि हो, हसण्यानं बँकेचा हप्ता भागत नाही, दुकानाचा विमा वेळेवर भरा. झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा.

दादानं २०२१ ला फोनवर विचारलं होतं, "न बोलावता माणसं आली कशी?" तेव्हा मी गप्प बसलो. हे लिहिलेलं आज त्यालाही पाठवतोय.