दोन वर्षांच्या पोराला घरीच शिकवायचंय? आधी एवढंच कर

अगं, टाइमटेबल आणि फ्लॅशकार्डं आधी बाजूला ठेव, या वयात काही गरज नसते. मटार सोलायला बसव, कांदे एका टोपलीत बटाटे दुसरीत, मोज्यांच्या जोड्या लावायच्या आणि हे चालू असताना त्याच्याशी भरपूर बोलत राहा, झालं शिक्षण. (दाणे नाकात घालतात हां, नजर ठेव.)

बाहेर नेताना:
- एका वेळी एकच. पुण्यात कात्रजच्या झूमध्ये वाघ बघितला की परत, सगळं संपवायला जाऊ नकोस. बुधवारी बंद असतं.
- मंडईत सकाळीच, झोपेच्या वेळी अजिबात नको.

आणि नवीन आया हमखास करतात ते म्हणजे "हा कुठला रंग, सांग ना" अशी सारखी परीक्षा, त्यापेक्षा "लाल टोमॅटो दे" म्हण. अक्षरं गिरवणं आत्ता नकोच, ते नंतर बोलू.