भावाला 'कायमचं' भरती करा म्हणतात, सही देऊ का?

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चुकल्या की रात्री जेटीवर जातो, लोकांच्या होड्यांत बसून मोठमोठ्याने बोलतो. आजवर कुणावर हात उचललेला नाही. मागे कुणीतरी 112 ला फोन केला आणि पोलिसांनी त्याला रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं. आता वाडीची बैठक म्हणते, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात कायमचा ठेवा आणि तसं लिहून द्या.
– एक बहीण, दापोली तालुका

उत्तर : ताई, सही करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये 'कायमचं' असं काही नाही. तो स्वतः तयार नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयात त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा) अर्ज आणि दोघांची स्वतंत्र तपासणी लागते: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. तेही पहिल्या खेपेस जास्तीत जास्त 30 दिवस. वाडीच्या ठरावाला तिथे काडीची किंमत नाही.

लॉकअपचं प्रकरण मात्र सोडू नका. कलम 100 प्रमाणे अशा माणसाला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं असतं. कोठडीत एक तासही ठेवता येत नाही. पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीची नोंद माहिती अधिकारात मागा.

पण तक्रारीने पुढची रात्र टळणार नाही. भाऊ बरा असताना त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून, सही घेऊन तुम्ही त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधी व्हा. मग त्यालाच विचारा, बिघडलं तर कोण आलेलं चालेल? बहुतेक एखाद्या तांडेलाचं, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाचं, नाव निघेल. ते नाव, त्याचा फोन, गोळ्यांची नावं, 'डोळ्यांवर बॅटरी मारू नका, एकाच माणसाने बोला', आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा चोवीस तासांचा मोफत नंबर, सगळं एका पानावर उतरवा. पान पोलीस पाटील, आशाताई आणि ठाण्यात द्या. बैठकीतही तेच ठेवा. होडीवाल्यांची भीती अगदीच खोटी नाही, इंजिन आणि जाळी म्हणजे त्यांचं पोट आहे; त्यांना धमकीपेक्षा फोन नंबर जास्त उपयोगी पडेल. आणि रात्री दोन वाजता जेटीवर तेच आधी पोचणार, मी नाही.

तरीही कुणी सहीसाठी दबाव आणला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मानसिक आजार किंवा दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्जासोबत भावाच्या उपचारांचे कागद जोडा.