वाचक विचारतात : जुन्या नाटकातल्या शिव्या काढायच्या की ठेवायच्या?

प्रश्न : आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. यावेळी एक जुनं गाजलेलं नाटक करायचं ठरलंय पण त्यात शिव्या भरपूर, शिवाय एका समाजावर आणि बायकांवर असे टोमणे आहेत की आज वाचतानाच कसंतरी होतं. ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत, एकाचं म्हणणं क्लासिकला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं म्हणणं समोर बसलेल्या माणसाला दुखवून कसली आलीये कला. दिग्दर्शन माझ्याकडे आहे. काय करू?

उत्तर : आधी एक करा, शिव्या आणि टोमणे वेगळे काढा, दोन्ही एकच समजून भांडताय म्हणून भांडण मिटत नाहीये. शिवी कानावर आदळते त्यामुळे सगळे तिच्याच मागे लागतात, पण नाटकात खरा घाव बऱ्याचदा साध्या सभ्य वाक्यात असतो. विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाईंडर' घ्या. १९७२ साली कमलाकर सारंगांनी ते केलं, सेन्सॉरने अडवलं, हायकोर्टापर्यंत गेलं, एवढं सगळं रामायण झालं. आता सखारामने घरात आणून ठेवलेल्या त्यातल्या दोघी बघा. चंपा तोंडाची फाटकी, शिव्या देते, नवऱ्याला बडवते. लक्ष्मी देवभक्त, तोंडातून वावगा शब्द नाही. आणि शेवटी चंपाच्या जिवावर बेततं ते कोणामुळे, तर या लक्ष्मीने सखारामच्या कानात जे घातलं त्यामुळे. चंपाची भाषा धुऊन काढलीत तर दोघी बोलायला सारख्याच होतील आणि तेंडुलकरांनी जे दाखवलंय ना, की घाण जिभेवर असणं आणि मनात असणं यात फरक असतो, ते गेलंच की हो. शिव्या गेल्या एवढ्यावर भागत नाही.

त्यामुळे तालमीत एक सोपा प्रयोग करा. खटकणारं वाक्य गाळा आणि त्याच्या पुढची चार वाक्यं नटांना म्हणायला लावा. पुढचं वाक्य लटकलं, म्हणजे नटालाच कळेना की आपण हे कोणाला आणि का म्हणतोय, तर ते वाक्य ठेवा. काहीच हललं नाही तर मग विचार करू.

शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'वर हे करून बघा. व्यापारी अँटोनिओने ज्यू सावकार शायलॉकला कुत्रा म्हटलंय, त्याच्या ज्यू असण्यावरून हिणवलंय, त्याच्या दाढीवर थुंकलाय, लाथ मारलीये. आणि आता तोच तीन हजार डुकाट उसने मागायला आलाय. शायलॉक विचारतो, कुत्र्याकडे कधी पैसे असतात का हो? त्यावर अँटोनिओ काय म्हणतो, तर मी तुला परत तेच म्हणेन, परत थुंकेन, द्यायचे तर शत्रू समजून दे. आता 'ज्यूंचा अपमान नको' म्हणून हे गाळा. काय उरलं? एक सज्जन व्यापारी आणि एक सावकार ज्याला उगाचच माणसाचं मांस हवंय. म्हणजे अपमान काढायला गेलात आणि नाटक ज्यूंच्या जास्त विरोधात करून बसलात, अशी गत.

त्याच नाटकात दुसरी जागा बघा. नायिका पोर्शियाशी लग्न करायचं तर तीन पेट्यांतली बरोबर पेटी निवडायची अशी अट आहे. मोरोक्कोचा राजपुत्र चुकीची पेटी उघडून निघून जातो तेव्हा पोर्शिया म्हणते की याच्या रंगाचे सगळे अशीच पेटी निवडोत. हे कोणी ऐकून दचकत नाही, कोणी उत्तर देत नाही, सीन पुढे जातो. हे वाक्य बरेच दिग्दर्शक गाळतात आणि माझ्या परीक्षेतही ते गळतं कारण पुढचं काहीच लटकत नाही. पण मी तरी ठेवेन. कारण हीच बाई पुढे कोर्टात दयेवर ते प्रसिद्ध भाषण करणार आहे, आणि तिची दया कोणापर्यंत पोचते आणि कोणापर्यंत नाही हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं बरं. म्हणजे माझी परीक्षासुद्धा शेवटचा निकाल देत नाही, डोकं तुम्हालाच चालवायचंय.

मग काढायचं काय? नाटककाराने नुसता लाफ्टर घ्यायला टाकलेलं. नोकराच्या जातीवर एक जोक, जाड बाईवर एक, तोतऱ्या माणसावर एक, कथेला त्याचं काही देणंघेणं नाही, ज्याच्यावर जोक आहे त्याला नाटकात तोंड उघडायलाही मिळत नाही. ते खुशाल काढा. क्लासिकमधलं प्रत्येक वाक्य क्लासिक असतं असं थोडंच आहे.

फक्त एक, लेखक हयात असेल किंवा जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर कॉपीराइट आहे, परस्पर कात्री चालवू नका, लेखकाला किंवा वारसांना लेखी विचारा. आणि सेन्सॉरकडून जी संहिता पास करून घेतलीये तीच करायची, आयत्या वेळी इकडचं तिकडे नाही.

प्रश्न : गाळण्याऐवजी सौम्य शब्द टाकला किंवा नटाने तो शब्द अर्धवट खाल्ला तर नाही का चालणार?

उत्तर : खाल्लेला शब्द सगळ्यात वाईट. प्रेक्षक मनातल्या मनात पूर्ण करतात आणि वर हसतात, म्हणजे जिथे अंगावर काटा यायला हवा तिथे लाफ्टर. सौम्य शब्दाचं म्हणाल तर थॉमस बाउडलर आणि त्याची बहीण हेन्रिएटा यांनी घरच्यांसमोर वाचता येईल असा शेक्सपिअर काढला होता, १८०७ ला पहिली आवृत्ती, १८१८ ला वाढवून. त्यात सौम्य करता करता 'हेन्री द फोर्थ'मधली डॉल टेअरशीट ही वेश्या अख्खी गायब झाली. एकदा सौम्य करायला बसलं की हात थांबत नाही.

काढायचंच असेल तर उघड काढा. १९७० साली डॉ. लागूंनी 'गिधाडे' केलं तेव्हा गर्भपात सुचवणाऱ्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरचा आक्षेप होता. त्यांनी डाग निळा केला आणि नाटक सुरू व्हायच्या आधी सांगून टाकलं की हा डाग लाल समजा. बस्स. तुम्हीही तिसऱ्या घंटेनंतर दोन वाक्यांची अनाउन्समेंट करा की अमुक जागा गाळल्यात, ठेवलेल्या जागा मुद्दाम ठेवल्यात. तिकिटाच्या खिडकीवरही लिहा, विशेषतः लहान मुलं येणार असतील तर.

प्रश्न : ज्या समाजावर ती शिवी आहे त्याच समाजातला एक मुलगा आमच्या ग्रुपमध्ये आहे, आणि ती त्यालाच ऐकून घ्यायचीये. त्याला विचारावं का? की विचारणंच वाईट दिसेल?

उत्तर : विचारा, पण सगळ्यांसमोर नको, एकट्याला गाठून, आणि 'नाही' म्हणाला तर रोल बदलायची तयारी ठेवून. हो म्हणाला तरी सुरुवातीच्या वाचनात तो शब्द म्हणू नका, हालचाली बसल्या की मगच आणा. आणि चहाच्या ब्रेकमध्ये कोणी तो डायलॉग गंमत म्हणून मारला तर जागच्या जागी झापा.