सोलापुरात क्रायोथेरपी सेंटर निवडताना काय तपासावं?

क्रायोथेरपी म्हणजे अतिथंड यंत्रात थोडा वेळ उभं राहून घ्यायचा थंडीचा उपचार. पहिला प्रश्न विचारा: यंत्र नायट्रोजनवर चालतं की विजेवर? नायट्रोजनच्या यंत्रात डोकं बाहेर राहतं, पण वाफ खोलीत साचली तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. म्हणून भिंतीवर ऑक्सिजन मीटर हवाच, १९.५ टक्क्यांखाली अलार्म वाजणारा. एसीसाठी बंद केलेली खोली, एक्झॉस्ट नाही, असं दिसलं तर सरळ परत फिरा. ऑपरेटर पूर्ण वेळ समोर उभा असावा.

तापमान साधारण उणे ११० ते उणे १४० अंश सेल्सियस, वेळ २ ते ३ मिनिटं. "जास्त वेळ, जास्त फायदा" म्हणणाऱ्यावर विश्वास नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, घामेजलेल्या अंगाने आत गेलात तर त्वचा गोठू शकते. अंग पूर्ण कोरडं करून, कोरडे मोजे-हातमोजे देतात का ते बघा. धातूचे दागिने काढायचे.

बीपी, हृदयविकार, गर्भारपण, थंडीने अंगावर गांधी उठणं, मधुमेहामुळे पायाला बधिरपणा हे न विचारता पैसे घेणारं सेंटर टाळा. चामखीळ गोठवून काढायची असेल तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. आणि नुसता गुडघा दुखत असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं आधी लावून बघा.