मोडलं तर चालेल?

‘मॅडम, तो कशातच रमत नाही. दोन मिनिटं झाली की उठतो.’ तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसले की हे वाक्य येतंच. त्याच्यामागे दुसरं असतं : ‘आणि मला स्वतःला चित्रकला, हस्तकला काही येत नाही. मी त्याच्याबरोबर काय करणार?’ ही जोडी हल्ली इतक्या घरांतून ऐकू येते, की त्यातल्या एका घराची गोष्ट सांगावीशी वाटली. आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोनू म्हणू.

सोनू साडेचार वर्षांचा. कांदिवलीला छोटं घर, आई फोर्टच्या बँकेत, बाबांची ड्युटी शिफ्टची, दिवसभर सोबतीला आजी. आईने प्रयत्नांत काहीच कमी ठेवलं नव्हतं. ऑनलाइन मागवलेले क्राफ्टचे डबे, कागदी प्लेटचं कासव, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. ‘शनिवारी रात्री मी सगळं कापून, मापून तयार ठेवते. रविवारी हा दोन काड्या चिकटवतो आणि म्हणतो, मला नाही येत, तू कर. शाळेच्या ग्रुपवर बाकीच्यांची मुलं काय काय करतात ते बघते आणि पोटात गोळा येतो. याला एडीएचडी तर नसेल ना?’

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. त्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी घरी केलेल्या वस्तू बघायला मागितल्या. पुढच्या वेळी त्या मोठी पिशवी भरून घेऊन आल्या. मोर तर इतका देखणा, की दुकानात ठेवावा.

‘यातलं सोनूचं कुठलं?’

त्यांनी बराच वेळ वस्तू खालीवर केल्या. मग कासवाच्या डोळ्यावर बोट ठेवलं. ‘हा त्याने चिकटवला होता. वाकडा लागला, म्हणून नंतर मी सरळ केला.’

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं आणि डोळे भरून आले. ‘म्हणजे मीच सगळं करते’ हा निष्कर्ष त्यांनी काढला. तो खरा होता, पण पुरेसा नव्हता. पुष्कळ आया मध्ये हात घालत नाहीत, तरीही मूल उठून जातंच. माझी नजर एव्हाना मोठ्यांच्या बोलण्याआधी मुलाच्या हातांकडे जाते, आणि खरं कारण सोनूच्या हातांनीच सांगितलं.

मी त्याच्यापुढे कणकेचा गोळा ठेवला. त्याने तो पाटावर वळून लांबलचक साप केला. छान जमला होता. पण तो पुरा होताच सोनू उभा राहिला, साप गालाजवळ धरला आणि माझ्याकडे तोंड करून हसरा चेहरा तसाच धरून ठेवला.

‘काय झालं रे?’

‘फोटो काढा ना, मावशी.’

‘आणि फोटो काढल्यावर?’

‘मग झालं.’

या ‘मग झालं’पाशी मी थांबले, आणि वाचकांनीही थांबावं असं मला वाटतं. या मुलाचं लक्ष टिकत नव्हतं असं नाहीच. काम संपतं कुठे हे त्याला पक्कं ठाऊक होतं : ते फोटोपाशी संपतं. जी वस्तू फोटोत चांगली दिसणार नाही, ती करायला घेण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. आणि साडेचार वर्षांच्या हाताने केलेली वस्तू आईच्या मोराशेजारी कधीच चांगली दिसणार नाही, हे तो शहाणा मुलगा ओळखून होता. ‘मला येत नाही, तू कर’ हा आळस नव्हता, तो त्याने लावलेला हिशेब होता.

मानसशास्त्रात याला जुना आधार आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका बालशाळेत प्रयोग केला. ज्यांना स्केचपेनने रंगवायला मनापासून आवडत होतं, अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच पेन समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर रंगवलेली मुलं बाकीच्या मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांकडे वळली. ज्यांना बक्षीस आधी न सांगता, अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. ठरलेला फोटो, ग्रुपवरचे अंगठे, ‘नीट केलंस तर चॉकलेट’, ही सगळी बोलीच आहे.

मी आईला म्हटलं, ‘या रविवारी फोन आजींच्या कपाटात ठेवा. फोटो नाही, आणि केलेली एकही वस्तू जपून ठेवायची नाही.’

‘मग राहील काय?’

‘काहीच राहिलं नाही तर?’

त्या गप्प झाल्या. मी घाई केली नाही. मग म्हणाल्या, ‘आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दिवाळीत सगळी पोरं मिळून किल्ला करायची. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेले हळीव. नंतर तो आम्हीच पाडायचो. खरं सांगू? पाडताना जास्त मजा यायची.’

‘त्या किल्ल्याचा एखादा फोटो आहे?’

‘एकही नाही.’ आणि त्या हसल्या. आमच्या भेटींमध्ये इतक्या मोकळ्या त्या पहिल्यांदाच हसल्या.

त्यानंतरच्या भेटीत मी दोघांना वेगवेगळा गोळा दिला. आईला एवढंच सांगितलं, की त्याच्या गोळ्याला हात लावायचा नाही, तुम्ही तुमचं काहीतरी करा. त्यांनी किल्ला करायला घेतला, अगदी मन लावून. सोनू आधी नुसता बघत होता.

‘आई, हे काय?’

‘किल्ला. आणि हा दिंडी दरवाजा.’

‘झाला? फोटो काढू या?’

‘नको. पाडू या.’

त्याने आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ‘मोडलं तर चालेल?’

‘चालेल.’

त्याने मूठ आपटली. आईनेही आपटली. आणि मग, कोणीही सांगितलं नसताना, त्याने दोघांचे गोळे एकत्र केले आणि स्वतः तटबंदी घालायला बसला. पाडली, पुन्हा घातली. दुसऱ्या वेळी भिंत जाड केली, कारण पहिली कलंडत होती. कलंडली तेव्हा ‘तू कर’ म्हणाला नाही, ‘थांब हं’ म्हणाला. आमची वेळ संपली तरी उठायला तयार नव्हता. कशातच न रमणारं मूल हेच. अशा वेळी या कामाचं सार्थक वाटतं.

मी जिथून शिकले ती परंपराही हेच सांगते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि त्यांच्यावाचून अडलंही नाही. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती हीच साधनं झाली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे काम त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतरही कोसबाडला चालवलं. मूल वस्तू हाताळतं, रचतं, विस्कटतं, आणि शिकणं त्या विस्कटण्यातही असतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून वाळूत, मातीत, पाण्यात जे पुन्हा पुन्हा करता येतं, ते मी नेहमी आधी सुचवते. चिकटवून कायमचं झालेलं नंतर.

‘पण नेमकं करायचं काय?’ असं आईने विचारलंच. त्यांच्या घरात जे चाललं ते सांगते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळायचा. अर्ध्यात हळद, अर्ध्यात बिटाचा रस. मळायलाही मुलालाच बसवायचं. मीठ बरंच असतं, त्यामुळे अजून सगळं तोंडात घालणाऱ्या लहानग्याला हा गोळा देऊ नये, त्याला साधी पोळीची कणीकच बरी. भेंडीचा देठाकडचा भाग कापून रंगात बुडवला की फुलांचे ठसे उठतात, आणि कागद रद्दीतला चालतो. पावसाळ्यात बादलीत होड्या, आणि कुठली आधी बुडते याची पैज.

सगळ्यात रंगलं ते मात्र आजीचं काम. त्या देवासाठी कापसाच्या वाती वळत बसायच्या. सोनूला त्यांनी कधी जवळ बसवलं नव्हतं, कापूस वाया जातो म्हणून. आता तो शेजारी बसून वळतो. त्याच्या वाती सुरवंटासारख्या होतात, आणि आजी त्या निरांजनात लावतात. मटार सोलणं, झेंडूची फुलं ओवणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, हे सगळं यातच आलं. ज्या आईला ‘कलाबिला येत नाही’, तिच्या घरात इतकं हातकाम रोज चालू असतं. बोरिवली लोकलने उभं राहून घरी आल्यावर वेगळा ‘क्राफ्ट टाइम’ काढायची गरज नाही. पंधरा मिनिटं पुरतात, पण त्या वेळात तुमचे हातही कशात तरी गुंतलेले हवेत. नुसतं समोर बसून बघत राहिलात, तर मुलाला ती परीक्षा वाटते.

बोलताना एक सांभाळावं. ‘वा, किती सुंदर!’ हे दर मिनिटाला नको. दिसतं ते म्हणा : ‘तू या वेळी भिंत जाड केलीस.’ किंवा काहीच म्हणू नका. ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न रेघोट्यांच्या वयात टाळावा, कारण पुष्कळदा ते काहीच नसतं, हात फिरवण्याचा आनंद असतो. शाळेने मागितलेला मोर पुढच्या वेळी सोनूने केला तसा गेला, एका बाजूला झुकलेला, चार पिसांचा. पाठवताना आईला धीर गोळा करावा लागला.

आता तो राहिलेला प्रश्न. आईने दिलेल्या कामात साडेचार वर्षांचं मूल रमत नाही, एवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. आवडीच्या खेळात रमतं का, हे आधी बघा. पण घरी, शाळेत, बागेत, कुठेच क्षणभर थांबत नसेल, नाव घेतल्यावर वळून बघत नसेल, खोटं-खोटं खेळत नसेल, वयाच्या मानाने बोलणं खूप मागे असेल, तर वाट न पाहता बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. तीन वर्षांच्या सुमारास मुलं बघून गोल काढू लागतात, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह. थोडं मागेपुढे झालं तर घाबरायचं कारण नाही. पण चार उलटूनही खडूच धरता येत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. तेवढं पाळून महिनाभर वर सांगितलेलं करून बघा, आणि मगही काळजी वाटली तर मुलाला घेऊन या. येताना वस्तूंची पिशवी आणू नका.