‘ते’ डोकं, ‘ती’ गॅली: सायबॉर्गला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: माझी भाची सध्या एका जपानी चित्रकथेच्या नादी लागली आहे. भंगाराच्या ढिगात सापडलेल्या सायबॉर्ग मुलीची गोष्ट. बोलता बोलता मी त्या मुलीला ‘यंत्रमानव’ म्हटलं तर भाची फणकारली, “मावशी, ती यंत्रमानव नाहीये!” मग सायबॉर्गला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि तिला ‘ती’ म्हणायचं की ‘ते’? एवढं काय आहे त्या गोष्टीत, हेही जमलं तर सांगा.

उत्तर: वर्णनावरून तुमची भाची युकितो किशिरो यांचा ‘गनमु’ वाचत असणार. 1990 ते 1995 या काळात हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘बिझनेस जंप’ या जपानी नियतकालिकातून क्रमशः आला आणि त्याचे नऊ खंड झाले. इंग्रजीत तो ‘बॅटल एंजल अलिता’ म्हणून ओळखला जातो. मूळ जपानीत नायिकेचं नाव गॅली आहे, अलिता हे इंग्रजी अनुवादातलं बारसं. मी गॅलीच म्हणणार आहे, कारण त्या नावावर आपल्याला पुन्हा यायचंय.

आधी भाचीची बाजू. ‘यंत्रमानव’ हा शब्द मराठीत रोबोटसाठी रुळलेला आहे. ‘रोबोट’ हा शब्द 1920 साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायचं काम. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला. म्हणजे रोबोटचा अर्थानं इमानी अनुवाद करायचा तर तो ‘यंत्रमानव’ नव्हे, ‘वेठ्या’ होईल. गंमत म्हणजे चापेकच्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, कृत्रिम मांसाचे होते. यंत्र त्यात नंतर शिरलं आणि मराठीत आलं ते थेट नावातच बसून.

‘सायबॉर्ग’चा जन्म अलीकडचा, 1960 चा. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी अंतराळप्रवासावरच्या एका लेखात तो घडवला. माणसाला अवकाशात राहता यावं म्हणून त्याच्याभोवती पृथ्वीसारखं वातावरण बांधून नेण्यापेक्षा त्याच्या शरीरालाच यंत्रांची जोड द्यावी, असा त्यांचा विचार. ‘सायबर्नेटिक’मधला ‘सायब’ आणि ‘ऑर्गॅनिझम’मधला ‘ऑर्ग’ जोडून शब्द झाला. त्यातल्या ‘सायबर’च्या मुळाशी ग्रीक ‘किबर्नेतेस’ आहे, म्हणजे गलबताचं सुकाणू धरणारा. तोच शब्द लॅटिनमधून फिरत फिरत ‘गव्हर्नर’ झाला. आपणही ‘राज्याचं सुकाणू हाती घेतलं’ म्हणतोच की. (हे ‘सुकाणू’ आपल्याकडे अरबी ‘सुक्कान’वरून आलं. दर्यावर्दी लोकांचे शब्द असेच बंदरं करत येतात.)

तेव्हा फरक असा की रोबोट मुळातच बनवलेला असतो. सायबॉर्ग जन्मलेला असतो आणि मग त्याला काही बसवलेलं असतं. ‘बसवणे’ हे क्रियापद मराठीनं या कामाला आधीच लावलेलं आहे. आजोबांना कवळी बसवली, काकांना पेसमेकर बसवला. गॅलीच्या बाबतीत हे टोकाला गेलंय: मेंदू तेवढा तिचा, बाकी सगळं बसवलेलं. पण मेंदू माणसाचा आहे, म्हणून भाचीचा फणकारा रास्त आहे.

आता शब्द. ‘यंत्रमानव’ हाच समास वेगळ्या तऱ्हेनं सोडवता आला असता. ‘यंत्ररूपी मानव’ असा कर्मधारय सोडवला की रोबोट होतो. ‘नरसिंह’ या शब्दासारखा, नरही आणि सिंहही, असा सोडवला असता तर सायबॉर्ग मिळाला असता. पण शब्दाची जागा रोबोटनं आधीच अडवली आहे. ‘जैवयांत्रिक’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, मावशी-भाचीच्या गप्पांत नाही. मला स्वतःला ‘यंत्रदेही’ आवडतो. यंत्र आहे देह जिचा ती. मराठीला ‘विदेही’ची सवय आहे, त्यामुळे तो कानाला टोचत नाही, आणि नर-नारी दोघांनाही जसाच्या तसा चालतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘यंत्रारूढ’ असा एक शब्द आहे. यंत्रावर चढवल्यासारखे सगळे प्राणिमात्र ईश्वर मायेनं फिरवतो, अशा अर्थानं तो तिथे येतो. सायबॉर्गसाठी तो वापरायचा मोह मला झाला होता. पण त्यात माणूस वेगळा आणि यंत्र वेगळं राहतं. घोड्यावरचा स्वार जसा उतरू शकतो तसा यंत्रारूढही उतरू शकेल. गॅलीला उतरायला जागा नाही.

सर्वांत चांगला शब्द मला शेवटी जपानीतच भेटला, तोही दुसऱ्याच एका मांगात. मासामुने शिरो यांच्या 1989 साली सुरू झालेल्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये नायिकेच्या यांत्रिक शरीराला ‘गिताई’ म्हणतात. ‘ताई’ म्हणजे शरीर (आपल्या ताईशी संबंध नाही). खरी मजा ‘गि’मध्ये आहे. कृत्रिम पाय म्हणजे ‘गिसोकु’, कृत्रिम हात ‘गिशु’, कवळी ‘गिशी’. आणि सासरे म्हणजे ‘गिफु’. मानलेले भाऊ, मेहुणे हे सगळे ‘गिक्योदाई’. तेच अक्षर, तोच उच्चार. रक्तानं आपलं नाही, पण आपलं म्हणून स्वीकारलेलं, असं काहीही ‘गि’त बसतं. मराठीत याला ‘मानलेला’ किंवा ‘दत्तक’ म्हणतात, फक्त आपण तो शब्द नात्यांपुरता ठेवला. पायाला ‘मानलेला पाय’ कोणी म्हणत नाही. म्हणायला हरकत नव्हती. आजोबा सुरुवातीला ‘ती कवळी’ म्हणतात आणि महिन्याभरात ‘माझे दात कुठे ठेवलेत?’ विचारतात, तेव्हा कवळी दत्तक गेलेली असते.

हे ‘गि’ डोक्यात ठेवून ‘गनमु’ची सुरुवात पाहा. आकाशात झालेम नावाचं शहर तरंगतंय. त्याचा कचरा खाली पडतो आणि त्या कचऱ्याच्या डोंगराभोवती एक गाव वाढलंय: कुझुतेत्सु-चो. इंग्रजी अनुवादात त्याचं ‘स्क्रॅपयार्ड’ झालं, म्हणजे नुसतं भंगाराचं आवार. जपानी नावातला ‘चो’ मात्र पत्त्यात लिहितात तसला आहे, जिथे माणसं राहतात, दुकानं असतात. ‘कुझुतेत्सु’ म्हणजे लोखंडाचं भंगार. तेव्हा मराठीत ‘भंगारपेठ’ म्हणावं. पुण्याच्या माणसाला तर लगेच शनिवार, रविवार, भंगार अशी ओळ दिसेल. इदो नावाचा डॉक्टर तिथे सायबॉर्गांची दुरुस्ती करतो आणि सुट्या भागांसाठी ढिगारे धुंडाळतो. एके दिवशी त्याला एका मुलीचं डोकं सापडतं. आतला मेंदू जिवंत आहे, आठवण कसलीच नाही.

आपल्याकडे कासाराकडे जुनी भांडी मोडीत घालतात, सराफाकडे सोन्याची मोड देतात. मोडीत काढलेल्या वस्तूचा आकार जातो, धातूची किंमत राहते. भंगारपेठेत माणसांचाही व्यवहार असाच चालतो, हात-पाय-पाठकणा सगळ्याला बाजारभाव. ज्याला उदास भविष्यचित्र म्हणतात, इंग्रजीत ‘डिस्टोपिया’, ते इथे फार भाषण न करता उभं राहतं. (‘डिस्टोपिया’तला ‘डिस्’ आणि आपल्या ‘दुर्दशा’तला ‘दुस्’ हे सख्खे भाऊ आहेत, ग्रीक आणि संस्कृत घरांत वाढलेले. प्रतिशब्द म्हणून लोक ‘दुःस्वप्ननगरी’ वगैरे सुचवतात. ‘ही काय मोगलाई आहे?’ या वाक्यातली ‘मोगलाई’ मला जास्त जवळची वाटते.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘ती’ की ‘ते’. आणि इथे मराठी जे करते ते इंग्रजीला सहजी जमत नाही, जपानीला वेगळ्या तऱ्हेनं करावं लागतं. इदोला काय सापडलं? डोकं सापडलं. नपुंसकलिंग. ते त्यानं उचललं, घरी नेलं, त्याला शरीर बसवलं. डोळे उघडले. मग नाव ठेवायची वेळ आली आणि त्यानं नुकत्याच मेलेल्या आपल्या मांजराचं नाव दिलं: गॅली. ते मांजर बोका होतं! म्हणजे ‘ते’ डोकं, ‘तो’ बोका आणि त्यातून ‘ती’ गॅली. तिन्ही लिंगं काही पानांत होऊन जातात. जपानी व्याकरणात लिंग नाही, त्यामुळे किशिरोंना यातलं काही ठरवावं लागलं नाही. मराठीत सांगणाऱ्याला मात्र प्रत्येक क्रियापदाशी ठरवावं लागतं. ‘डोळे उघडल्यावर ते म्हणालं’ की ‘ती म्हणाली’? माझं मत: डोळे उघडेपर्यंत ‘ते’, नाव मिळाल्यापासून ‘ती’. मधल्या थोड्या वेळात ‘पोर’ वापरा. ‘पोर’ नपुंसकलिंगी आहे, माणसाचंही आहे आणि जिव्हाळ्याचंही. मराठीनं ही सोय फार विचारपूर्वक करून ठेवल्यासारखी वाटते.

‘सायबॉर्ग’ हा शब्द लिंगाच्या बाबतीत ‘डॉक्टर’, ‘पायलट’ यांच्या रांगेत बसवा. तो डॉक्टर, ती डॉक्टर, तसा तो सायबॉर्ग, ती सायबॉर्ग. ‘सायबॉर्गीण’ कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

लिंगाहून बारीक एक खूण आहे, ‘ला’ या प्रत्ययाची. ‘इदोनं डोकं उचललं’ म्हणतो, ‘डोक्याला उचललं’ म्हणत नाही. पण ‘इदोनं गॅलीला उचललं’ म्हणतो, ‘गॅली उचलली’ म्हटलं तर ती वस्तू होते. दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘उचललं’च आहे, कारणं मात्र वेगळी. पहिल्यात ते डोक्याच्या लिंगाप्रमाणे चाललंय, तो कर्मणी प्रयोग. दुसऱ्यात ते कुणाच्याच मागे जात नाही, तो भावे. शाळेत हे प्रयोग घोकले तेव्हा त्यांचा कुणाच्या जिवंतपणाशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. लहान मुलीचं बोलणं ऐका: मोठी माणसं ‘बाहुली उचल’ म्हणतात, ती म्हणते ‘बाहुलीला उचल ना’. तिनं एका प्रत्ययानं बाहुलीला माणसांत घेतलं. जपानीत हे काम ‘असणे’ या क्रियापदावर पडतं. सजीवांसाठी ‘इरु’, निर्जीवांसाठी ‘आरु’, आणि यंत्राबद्दल कोणतं वापरायचं हे बोलणाऱ्याच्या मनावर.

एवढं काय आहे त्या गोष्टीत, या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच सापडतं. मारामाऱ्या आहेत, भरपूर आहेत. गॅलीला मागचं काही आठवत नाही, पण ‘पांझर कुन्स्ट’ ही युद्धकला तेवढी आठवते. नाव जर्मन आहे, लिहिलंय चिनी-जपानी अक्षरांत, आणि वर बारीक टाइपात उच्चार जर्मन. ‘गनमु’ हे नावही तसंच: बंदुकीच्या अक्षराला जपानी ‘ज्यू’ऐवजी इंग्रजी ‘गन’ वाचायचं, पुढे ‘मु’ म्हणजे स्वप्न. आपला ‘लाठीचार्ज’ असाच, अर्धा देशी अर्धा बसवलेला. शब्दही यंत्रदेही असतात म्हणायचे. चाकांवर धावत खेळायचा मोटरबॉल नावाचा जीवघेणा खेळ आहे, त्यातली चित्रं तर अशी की पान उलटताना वारा लागतो. पण हे सगळं इतर मांगांतही मिळेल. इथे वाचक पानोपानी जे करत राहतो ते त्या ‘ला’चं काम आहे. समोर आलेल्याला माणसांत धरायचं की भंगारात, हे प्रत्येक वेळी नव्यानं.

पुढचा परिच्छेद भाचीनं सगळे खंड वाचले नसतील तर तिला वाचून दाखवू नका. झालेमचे लोक खालच्या सायबॉर्गांना तुच्छ मानतात, कारण त्यांची स्वतःची शरीरं अस्सल हाडामांसाची. पुढे उघड होतं की तिथे माणूस वयात आला की त्याचा मेंदू काढून जागी चिप बसवली जाते, आणि त्याला हे सांगितलं जात नाही. म्हणजे वरच्यांचं शरीर अस्सल आणि मेंदू बसवलेला, गॅलीचा मेंदू अस्सल आणि शरीर बसवलेलं. ‘यंत्रमानव’ हा शब्द या गोष्टीत कुणाला लावायचाच असेल तर तो झालेमच्या त्या नाजूक, सुशिक्षित नागरिकांना लावावा. भाचीला तुमचा शब्द चुकीच्या माणसाला लागलेला दिसला, शब्द तसा वाया गेलेला नाही.

(‘झालेम’ ऐकून मराठी कानाला ‘जालीम’ आठवतं. तो योगायोग आहे. अंतराळात जाणाऱ्या उंच शिडीचं हे खालचं टोक, वरच्या टोकाचं नाव ‘जेरू’. वरून खाली जोडून वाचा: जेरुसलेम.)

तर बोलताना बिनधास्त ‘सायबॉर्ग’ म्हणा, तो शब्द भाचीचा आहे. लिहिताना ‘यंत्रदेही’ वापरून पाहा आणि कसा वाटतो ते कळवा. एक विनंती: 2019 मध्ये आलेला हॉलिवूडपट दोघी बघणार असाल तर आधी मांगातली बारशाची पानं एकत्र वाचा. चित्रपटात इदो तिला आपल्या मेलेल्या मुलीचं नाव देतो. त्यामुळे ती पहिल्यापासून ‘ती’च असते, आणि बोका गेला तो गेलाच.