चेहरा मातकट का होतो?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. फोटोवरून चेहरे हुबेहूब काढते. तिला जुन्या युरोपीय पद्धतीने तैलरंगातली व्यक्तिचित्रं शिकायची आहेत, पण रंग लावले की चेहरा मातकट दिसतो. या क्षेत्रात जाऊ द्यावं का? सोबत तीन चित्रं पाठवत आहे. – एक पालक

उत्तर : जाऊ द्या, पण तैलरंगाच्या वर्गाला लगेच घालू नका. चित्रं पाहिली. हात चांगला आहे. चुकतंय ते उजेड-सावलीत. सावलीतला गाल तिने उजेडातल्या गालाइतकाच फिका ठेवलाय, सावलीतही पांढरा घातलाय, आणि पेटीतल्या जवळजवळ सगळ्या रंगांना कामाला लावलंय. मातकट होणारच!

काही महिने रंग बाजूला ठेवून कोळशाने काढू दे. आधी प्लास्टरचे पुतळे, मग समोर बसलेला माणूस. फोटो नकोच, त्यात सावलीतले बारकावे काळ्यात बुडतात आणि जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं. पुढे रॉ अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा, एवढ्यावरच चेहरा उभा करायचा. तो जमला की चार रंग : पांढरा, यलो ऑकर (मातीसारखा पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडिश चित्रकार आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ही रंगयोजना ओळखली जाते. तिच्यात निळा नाही, तरी काळ्या-पांढऱ्याचा राखाडी तांबूस त्वचेशेजारी निळसर भासतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती पेटीतले निम्मे रंग स्वतःच बाजूला काढेल.

शिक्षणाबद्दल. कला महाविद्यालयात पदवी मिळते, पण व्यक्तिचित्रणाला वेळ कमी. खासगी अतेलिएमध्ये, म्हणजे चित्रकाराच्या स्टुडिओत चालणाऱ्या शाळेत, तीन-चार वर्षं रेखाटनावर घासून घेतात; पदवी बहुधा नसते. माझं मत, आधी पदवी आणि सोबत संध्याकाळी प्रत्यक्ष मॉडेलवरून रेखाटन. अतेलिए निवडताना शिक्षकांची चित्रं पाहून भाळू नका, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मागा.

फक्त व्यक्तिचित्रांच्या कामांवर घर चालवणारे थोडे. कामं ओळखीतून येतात, तीही अनियमित. बहुतेकांना शिकवण्याचा आधार लागतो. जुन्या चित्रांचं जतन हाही चांगला मार्ग आहे, पण तिथे रसायनशास्त्र लागतं. तिचा तो विषय असेल, तर कंटाळा आला म्हणून सोडू देऊ नका.

एक घरातली गोष्ट. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि तेव्हा तापतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकायला सांगा.